कंदिलाआडचा ग्रह

कोलकात्यात दुपार लवकर संपते. थंडीच्या तोंडाशी तर चहाचं आधण उकळेपर्यंत उन्हं उतरलेली असतात, आणि पाचाच्या सुमारास गल्लीतल्या घराघरांतून शंख ऐकू यायला लागतात. पुण्याकडच्या माणसाला हे पचत नाही. पहिली काही वर्षं मी या अंधारावर मनापासून चिडत होते. बहीण फोनवर सांगायची, अगं अजून चांगलं ऊन आहे, टेकडीवर निघालेय; आणि मी इकडे ट्यूबलाइट लावून भाजी निवडत बसलेली. देश एक, घड्याळ एक, मग माझ्याच वाट्याला संध्याकाळ आधी का, असा माझा सवाल होता. हा लवकरचा अंधार कधीतरी माझ्या उपयोगी पडेल असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आमचे हे सरकारी बँकेत अधिकारी. लग्नापासून विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. एका गावात पडदे बसतात न बसतात तोच दुसऱ्या गावच्या खिडक्यांची मापं घ्यायची. तारीख आली की निघायचं, आणि घरात तारीख म्हणजे अर्थातच ह्यांची, नव्या शाखेत हजर होण्याची. जेवताना हे नुसतं म्हणायचे, "तारीख आली," की मी लोणच्याच्या बरण्यांची तोंडं फडक्याने बांधायला घ्यायची. मुलीची शाळा, मी नुकती कुठे धरलेली विज्ञान शिकवायची नोकरी, कुंडीत जीव धरलेली जाई, सगळं त्या तारखेपुढे मुकाट्याने बाजूला व्हायचं. मी फार कुरकुर केली असंही नाही. दुःख होतं, पण ते सांगायला वेळ कुठे होता? भांडी कागदात गुंडाळायची असायची.

कोलकाता ही शेवटची बदली. ह्यांचं ऑफिस एस्प्लनेडला, आमचं भाड्याचं घर बेहालात, सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावर फक्त गच्ची. मुलगी इथेच मोठी झाली आणि नोकरीला बेंगळुरूला गेली. जाताना तिने माझ्या लॅपटॉपवर एक वेबसाइट उघडून दिली आणि तिच्या त्या अर्ध्या बंगाली चालीच्या मराठीत म्हणाली, आई, तू हे बघ ना, तुला भालो वाटेल. छान म्हणायचं सोडून भालो काय, म्हणून मी आधी तिला चार शब्द सुनावले. ती गेल्यावर घर अंगावर यायला लागलं, तेव्हा दुपारी वेबसाइट उघडली.

काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके, डावीकडून उजवीकडे ओळीने. एवढंच. अवकाशात फिरणारी एक दुर्बीण असंख्य ताऱ्यांकडे टक लावून बसलेली असते आणि प्रत्येकाचा उजेड पुन्हापुन्हा मोजते. एक ठिपका म्हणजे एक मोजणी. ओळ बहुतेक वेळा सरळ जाते, थोडी लवते, थोडी फुगते. पण कधीतरी ती खाली बुडते, जरा वेळ तिथेच राहते, आणि परत वर येते. म्हणजे ताऱ्यासमोरून काहीतरी गेलं. यंत्रं हे शोधतात, पण त्यांच्या नजरेतून काही सुटतं, म्हणून आमच्यासारख्या रिकाम्या लोकांनी ते ठिपके बघायचे आणि बुडी दिसली की खूण करायची.

मला त्याचं वेडच लागलं. जेवण उरकलं, पंखा फिरतोय, खाली जोकाकडची मेट्रो पुलावरून घरंगळत जाते, मासेवाल्याची शेवटची हाक विरून गेलेली, आणि मी ताऱ्यांच्या ओळी बघत बसलेली. भर दुपारी तारे! डोळे जड व्हायचे. ठिपके हलायला लागायचे, आणि मी अर्धवट झोपेत त्या एखाद्या ग्रहावर जाऊन पोचायची. तिथे नेहमी संध्याकाळच असायची. कोणीतरी बाई अंगणात उभी असायची आणि आपल्या सूर्याकडे बघत असायची, की हा मधेच किंचित फिका का पडला, कोण गेलं समोरून. तिच्याकडून बघता, समोरून गेलेले ते आम्ही असू. माझ्या घरासकट, बरण्यांसकट. मग कुकरची शिट्टी शेजारी कुठेतरी व्हायची आणि मी जागी व्हायची.

अशाच एका दुपारी मला माझी चांदणी भेटली. लहानसा, लालसर तारा, नाव म्हणजे नुसते आकडे. तिची ओळ बुडाली होती आणि तळ परातीसारखा सपाट होता. नरसाळ्यासारखा टोकदार तळ असला तर बहुतेक दोन तारेच एकमेकांभोवती फिरत असतात. परात असली तर ग्रहाची आशा. मी खूण केली. पुढे त्याच ताऱ्याची खूप नंतरची मोजणी आली आणि तिच्यातही परात सापडली, तितकीच खोल, तितकीच रुंद. माझ्याआधी तिच्यावर कोणाचीच खूण नव्हती. मी उठून घरभर फिरले. कोणाला सांगू, असं झालं.

संध्याकाळी ह्यांनाच सांगितलं. हे चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, दिसत नाही ते तू शोधलंस कसं? मी म्हटलं, समजा गल्लीच्या टोकाला दिवा आहे आणि त्याच्यासमोरून चिलट गेलं. चिलट इथून दिसणार नाही, पण दिव्याचा उजेड बारीकसा कमी होईल. तो मोजायचा. ह्यांनी विचार केला. बँकेतला माणूस, लगेच कसा पटवून घेईल? एकदा झालं तर डोळा लवला असेल, म्हणाले. दोनदा झालं तर योगायोग. तिसऱ्यांदा त्याच अंतराने झालं तर मी चिलट मानीन. मला राग आला, पण गंमत म्हणजे शास्त्रज्ञांचंही तेच म्हणणं होतं.

त्या प्रकल्पात काम करणारी एक संशोधक मुलगी, दूरदेशीची, मला मेल करायची. तिने गणित मांडून कळवलं की अंदाज बरोबर असेल तर तिसरी बुडी अमुक संध्याकाळी संपेल. अवकाशातली दुर्बीण तेव्हा आकाशाच्या दुसऱ्याच भागाकडे बघत असणार. युरोपात ऊन, अमेरिकेत सकाळ. महाराष्ट्रातसुद्धा पुरता अंधार पडलेला नसेल. पण कोलकात्यात पडलेला असेल. तुमच्या ओळखीत कोणाकडे चांगली दुर्बीण आहे का, तिने विचारलं होतं. बुडीचा शेवट जरी टिपता आला, तारा परत उजळताना दिसला, तरी पुरे. आणि नाही दिसला तर त्या दोन बुड्या वेगवेगळ्या कारणांच्या धरून हा तारा यादीतून मागे जाईल.

मी कॅलेंडर काढलं. संध्याकाळ होती लक्ष्मीपूजनाची. म्हणजे इथल्या काली पूजेची. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! अख्खं शहर दिव्यांनी आणि फटाक्यांच्या धुराने भरलेलं असणार. शिवाय महिन्याअखेर ह्यांची निवृत्ती, सामान पुण्याला जायचं ठरलेलं. पुढच्या वेळी ही गच्ची माझी नसणार. जे काही व्हायचं ते त्याच संध्याकाळी.

दुर्बीण मात्र घरातच होती. आमचे घरमालक, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, खालच्या मजल्यावर एकटे राहत. निवृत्त इंजिनिअर. गच्चीवर त्यांची चांगली जाडजूड दुर्बीण होती आणि तिला कॅमेरा जोडलेला. चंद्राचे, शनीचे फोटो काढून ते ओळखीपाळखीच्यांना पाठवायचे. मी सगळं सांगितल्यावर ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "बौदी," वहिनीला इकडे असंच म्हणतात, आणि पुढचं ते हिंदीत म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?" मग रोज संध्याकाळी आमची तालीम सुरू झाली. माझी चांदणी शोधायची, तिचे फोटो घ्यायचे, उजेड मोजायचा. नुसतं तिला मोजून भागत नाही. आजूबाजूचे तारेही मोजायचे. मी त्यांना शेजारणी म्हणायची. शेजारणींसकट सगळ्या फिक्या पडल्या तर समजायचं, फटाक्यांचा धूर आला. एकटी आपलीच फिकी असली तर तिच्या दारावरून कोणीतरी चाललंय. तालमी छान झाल्या. दादा हुशार माणूस, आणि गप्पिष्ट इतके की नमनालाच घडाभर तेल जायचं.

राहिला प्रश्न उजेडाचा, आणि तिथे आमचे हे पुढे सरसावले. मला आश्चर्यच वाटलं. ह्यांना ग्रहाचं काही पडलेलं नव्हतं, पण व्यवस्था म्हटली की ह्यांच्या अंगात येतं. आपल्या बँकेच्या बंगालीत हे गल्लीतल्या क्लबच्या, म्हणजे पूजा मांडणाऱ्या मंडळाच्या, लोकांशी बोलून आले. पूजेची रोषणाई थोडा वेळ बंद ठेवा म्हणाले. आधी ते हसले. मग एकाला वाटलं की आपल्या गल्लीतून ग्रह सापडतोय हे माइकवर सांगता येईल, आणि सगळे तयार झाले. ह्यांनी समोरच्या घरांना पडदे ओढायला सांगितलं. जिन्यातला बल्ब काढून खिशात घातला. गच्चीच्या दाराला फटीतून उजेड यायचा, तिथे जुनी चादर लावली. लक्ष्मीपूजनही तुझं काम आटोपल्यावर करू, म्हणाले. मी मनातून विरघळले होते, पण म्हटलं नाही. फार कौतुक केलं की हे लगेच सूचना द्यायला लागतात.

आता कंदिलाविषयी सांगायला हवं. लग्नाच्या वर्षी ह्यांनी स्वतः कामट्या तासून आकाशकंदिलाचा सांगाडा केला. तोच सांगाडा गावोगाव आमच्याबरोबर फिरला, ट्रकमध्ये सगळ्यात वर, गाद्यांच्याही वर. दरवर्षी नवा कागद. इथे विश्वकर्मा पूजेला पतंग उडतात, तेव्हाच हे पतंगाचा कागद आणून ठेवायचे. ज्या गावात आमचं कोणी नव्हतं, भाषा येत नव्हती, तिथेही दिवाळीच्या पहिल्या दिवशी कंदील वर चढायचा आणि तुळशीच्या लग्नापर्यंत उतरायचा नाही. खालून येताना तो दिसला की मला हायसं वाटायचं. हे आपलं घर, असं वाटायचं. बंगाली लोकही कार्तिकात पितरांसाठी आकाशप्रदीप लावतात, म्हणून दादा आमच्या कंदिलाला दरवर्षी न चुकता हात जोडायचे.

ती संध्याकाळ आली. शंख झाले. अंधार पडला, माझा तो नावडता लवकरचा अंधार, आणि मी त्याला पहिल्यांदा म्हटलं, ये बाबा. क्लबने दिवे घालवले. गल्ली काळोखात बुडाली आणि सगळीकडून फटाक्यांचा दबका आवाज येत राहिला, दुसऱ्या कुठल्यातरी गावात लढाई चालल्यासारखा. अमावस्येचं आकाश. पश्चिमेला माझी चांदणी, डोळ्यांना न दिसणारी, पण मला माहीत होती कुठे आहे. दादांनी कॅमेरा सुरू केला. लॅपटॉपचा उजेड अगदी मंद करून, वर ओढणी घालून मी ठिपके बघायला लागले. हे पलीकडे स्टुलावर बसले.

ठिपके येऊ लागले आणि लाटेसारखे वरखाली व्हायला लागले. वर, खाली, पुन्हा वर. तारा श्वास घेत होता. क्षणभर मला ते इतकं सुंदर वाटलं की मी बघतच राहिले. वाटलं, ही आपल्याशी काही बोलतेय. पण शेजारणीही तशाच वेड्यावाकड्या डोलत होत्या, जी ती आपल्या तालात. हा धूर नव्हता. दादांनी कॅमेऱ्याचे स्क्रू बघितले, वायरी बघितल्या, भिंग पुसलं, स्वतःशीच बडबडले. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. तालमीत हे एकदाही झालं नव्हतं. वेळ चालला होता. बुडी संपत आली असणार आणि माझ्यासमोर नुसता कालवा होता.

दादा वाकले होते. त्यांच्या पांढऱ्या कुडत्यावर एक नारिंगी पट्टा सरकत आला, थांबला, आणि परत गेला. मग पुन्हा आला.

मी वर पाहिलं. आमच्या डोक्यावर, बांबूच्या टोकाला, वाऱ्यावर झुलत, नारिंगी-हिरव्या झिरमिळ्या सोडून, कंदील जळत होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अख्ख्या गल्लीचे दिवे आम्ही घालवले होते, जिन्यातला बल्ब ह्यांच्या खिशात होता, आणि ह्यांनीच आदल्या दिवशी हौसेने टांगलेला हा कंदील, ह्यांनीच आज दिवेलागणीला लावलेला, आम्हाला कोणालाच दिसला नव्हता. मी त्याच्या खालून येऊन बसले होते. तो आमच्या लेखी दिवा नव्हताच. ती दिवाळी होती. तालमी दिवाळीच्या आधी झाल्या, म्हणून तेव्हा काही बिघडलं नाही. दादा हळूच म्हणाले की त्यांना दिसला होता, पण तुमच्या पितरांसाठी असेल, मी कसं सांगणार?

मला भयंकर राग आला. ह्यांचा, दादांचा, माझा, सगळ्यांचा. पण आज लक्ष्मीपूजन, अजून पूजा व्हायची आहे, आणि घरावरचा दिवा मालवा असं कसं म्हणायचं? मी विज्ञान शिकवलेली बाई. भर दुपारी ग्रह शोधणारी. तरी ते वाक्य जिभेवर येईना. मी एवढंच म्हटलं, "अहो, कंदील."

ह्यांनी वर पाहिलं. मग माझ्याकडे. काय झालंय ते ह्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटलं. हे उठले.

"राहू द्या," मी म्हटलं. "आज नको."

"आज तुझी तारीख आहे," हे म्हणाले. "लक्ष्मीला काय सांगायचं ते मी सांगतो."

आणि ह्यांनी बोर्डातून कंदिलाची पिन काढली. काळोख झाला. हे स्टुलावर चढले, गाठ सोडली, कंदील खाली घेतला आणि झिरमिळ्या वाऱ्यावर फडफडू नयेत म्हणून तो मांडीत धरून बसले, तान्हं मूल धरावं तसा. कुठल्याही गावात, कुठल्याही दिवाळीत, तो तुळशीच्या लग्नाआधी उतरला नव्हता. रडायला वेळ नव्हता. मी ओढणीखाली डोकं घातलं.

ठिपके शांत झाले. शेजारणी सरळ रांगेत आल्या. माझी चांदणी त्यांच्याखाली होती. ती खाली असायला नको होती. तालमीत ती कधीच इतकी खाली नव्हती. एकटी तीच फिकी. एक ठिपका, दुसरा, तिसरा, सगळे त्याच खालच्या पातळीवर, परातीच्या तळाशी. दादांनी माझा खांदा घट्ट धरला आणि सोडायचं विसरले. दूर फटाके चालले होते. मग एक ठिपका जरासा वर आला. मला वाटलं भास. पुढचा आणखी वर. मग एकामागून एक, पायऱ्या चढत यावं तसे, ते वर येत गेले आणि आपल्या नेहमीच्या जागी येऊन थांबले, आणि तिथून हलले नाहीत. कोणीतरी त्या लाल उजेडासमोरून चालत गेलं होतं, आणि आम्ही बेहालाच्या गच्चीवरून त्याची पाठ पाहिली होती.

हे अंधारातून म्हणाले, "गेलं का चिलट?"

"गेलं," मी म्हटलं, आणि मग मात्र रडले. आनंदाने म्हणा, कशानेही म्हणा. इतकी वर्षं कुठून कुठून जाताना रडायचं राहून गेलं होतं, तेही त्यात असेल.

ओळ सरळच राहते याची खात्री होईपर्यंत ह्यांनी कंदील मांडीवरून हलवला नाही. मग तो पुन्हा वर चढला, क्लबचे दिवे लागले, आणि माइकवर कोणीतरी जाहीर करून टाकलं की आमच्या गल्लीने ग्रह पकडला आहे. खाली येऊन आम्ही पूजा केली. हे लक्ष्मीपुढे हात जोडून बराच वेळ उभे होते. काय सांगितलंत, विचारलं, तर म्हणाले, ते आमचं आमच्यात.

काही दिवसांनी त्या संशोधक मुलीची मेल आली. आमचा शेवट तिच्या गणिताशी जुळला होता. सुरुवातीचे डोलणारे ठिपके टाकून द्यावे लागले, आणि ते कशाने डोलत होते हे तिला समजावताना माझी पंचाईत झाली; कंदिलाचा फोटोच पाठवला. अजून पुष्कळ तपासायचं होतं, ग्रहाच्या ओढीने तारा डगमगतो का तेही मोठ्या दुर्बिणींनी बघायचं होतं. पण तारा यादीत राहिला. मग बांधाबांध. बरण्यांची तोंडं फडक्याने बांधली, दादांच्या पाया पडलो, कंदिलाचा सांगाडा गाद्यांच्या वर गेला.

आता आम्ही पुण्यात आहोत. इथे संध्याकाळ उशिरा येते आणि खरं सांगायचं तर, मला ती फारच लांबलेली वाटते. दुपारी मी अजून ठिपके बघत बसते. माझी चांदणी आता माझी एकटीची नाही. जिथे ज्या वेळी अंधार असेल तिथलं कोणीतरी तिच्यावर नजर ठेवतं, आणि ते बरंच आहे.

यंदा दिवाळीच्या पहिल्या दिवशी हे नव्या कागदाचा कंदील घेऊन गॅलरीत गेले. स्टूल ठेवलं, दोरी सोडली, आणि बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून मी स्वयंपाकघरातून डोकावले. हे कंदील तसाच हातात धरून उभे होते.

"लावू ना?" हे म्हणाले. "आज तुझी काही तारीख नाही ना?"